ब्रेक लावताच नाक खाली आणि बारीक खड्ड्यावर हाताला दणका: पुढच्या फोर्कचे पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे

मोटरसायकलच्या पुढच्या सस्पेन्शनची एक तक्रार अशी आहे की ती मिटली असे वाटते आणि काही आठवड्यांत जशीच्या तशी परत येते. ब्रेक लावताच पुढचा भाग झपकन खाली जातो, मोठ्या खड्ड्यात फोर्क, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारी पायांची जोडी, तळाला आदळून हँडलमध्ये ‘ठक्’ असा दणका येतो, आणि तरीही रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाची थरथर मात्र थेट मनगटापर्यंत पोहोचते. एकच फोर्क एकाच वेळी फार मऊ आणि फार कडक कसा असू शकतो, हा प्रश्न मला दीड वर्ष छळत होता. त्या दीड वर्षात माझ्या गाडीच्या फोर्कमधले तेल तीनदा बदलले, तेल आत रोखणारे ऑइल सील दोनदा बदलले, आणि प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस समाधानात गेले. शेवटी फोर्क घरीच उघडून, मापे वहीत लिहून, एकेक गोष्ट तपासत गेल्यावर जे हाती लागले ते येथे मांडत आहे. विवेचन साध्या डॅम्पर रॉडच्या टेलिस्कोपिक फोर्कचे आहे, म्हणजे ज्यात एक नळी दुसरीत सरकते, आतल्या भोके असलेल्या दांड्यातून जाणारे तेल हालचाल मंदावते, आणि ज्याला बाहेरून फिरवून जुळवण्यासारखा एकही स्क्रू नसतो. कार्ट्रिजच्या किंवा उलट्या फोर्कची आतली रचना निराळी असली, तरी मोजमापाचा आणि चाक बसवण्याचा भाग त्यांनाही लागू पडतो.

दाट तेलाचा मोह

‘फोर्क मऊ पडला, दाट तेल घाला’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो, आणि मीही तोच मानला होता. मूळच्या १० डब्ल्यू तेलाऐवजी आधी १५ डब्ल्यू घातले आणि मग २० डब्ल्यू. गाडी उभी करून, पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबले की फोर्क जड आणि संथ वाटायचा, त्यामुळे काम झाले अशी खात्री पटायची. ही हाताने दाबून पाहण्याची परीक्षाच फसवी आहे, कारण हाताने फोर्क ज्या वेगाने दबतो तो वेग खड्ड्यात चाक उचलले जाण्याच्या वेगाच्या मानाने अगदी क्षुल्लक असतो. अंगणात जड वाटणारा फोर्क रस्त्यावर कसा वागेल, याचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही.

फोर्कमध्ये तीन बले काम करतात आणि त्यांचे स्वभाव पूर्णपणे वेगळे आहेत. स्प्रिंगला फोर्क किती दबला आहे एवढेच कळते. तेलाला तो किती वेगाने हलतो आहे एवढेच कळते. आणि घर्षणाला यांपैकी काहीच कळत नाही, ते फक्त हालचालीच्या विरुद्ध दिशेला उभे राहते. ब्रेक दाबून धरला की गाडीचा भार पुढे येतो आणि ब्रेक सोडेपर्यंत पुढेच राहतो. अशा टिकून राहणाऱ्या भाराला तेल थोपवू शकत नाही. ते फार तर फोर्कला खाली पोहोचायला थोडा उशीर लावते. शेवटी फोर्क किती खाली जाऊन थांबणार, हे स्प्रिंग आणि फोर्कमध्ये कोंडलेली हवा ठरवतात.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. स्वारासह गाडीचे वजन २३० किलो, गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर, दोन चाकांमधले अंतर १.३५ मीटर, आणि ब्रेक बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट मंदन. मागून पुढे सरकणारा भार २३० × ०.६ × ०.६ ÷ १.३५, म्हणजे सुमारे ६१ किलो. प्रत्येक पायात ०.५ किलो प्रति मिमी ताठरतेची स्प्रिंग असेल तर दोन्ही मिळून १ किलो प्रति मिमी, म्हणजे एवढ्या भाराने फोर्क आणखी सुमारे ६१ मिमी दबतो. फोर्क मागे झुकलेला असल्यामुळे चाकावर मागच्या दिशेने येणारा ब्रेकचा रेटाही त्याला दाबतच असतो. तो या हिशोबात धरलेला नाही. आता स्वार बसल्यावरच फोर्क ५० मिमी दबलेला असेल आणि त्याची एकूण चाल १२० मिमी असेल, तर तळ गाठायला खड्ड्याचीही गरज उरत नाही. माझ्या फोर्कची अवस्था नेमकी हीच होती, पण हे मोजल्यानंतर कळले.

दाट तेलाने दुसरे नुकसान होते ते परतीच्या वाटेवर. साध्या डॅम्पर रॉडमध्ये तेल ठराविक आकाराच्या भोकांतून जाते, आणि अशा भोकाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध जवळजवळ चौपट. म्हणून हळू हालचालीत हा फोर्क ढिला असतो आणि तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यावर एकदम आखडतो. तेल दाट केले की आखडणे वाढते आणि त्याच वेळी फोर्कचे परत वर येणेही मंदावते. ओळीने चार-पाच खड्डे आले की पहिल्यानंतर फोर्क पूर्ण वर येण्याआधीच दुसरा खड्डा येतो, दुसऱ्यानंतर तो आणखी खाली राहतो, आणि चौथ्याला तळाला आदळतो. स्वाराला वाटते की फोर्क अजून मऊच आहे, आणि तो आणखी दाट तेल शोधायला निघतो. मी हे चक्र पूर्ण केलेले आहे.

आधी मोजावे, मग पाना उचलावा

टायरमधली हवा आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगचा ढिलेपणा या दोन गोष्टी पाच मिनिटांत तपासून बाजूला काढाव्यात. पुढचे चाक हवेत ठेवून फोर्कचे खालचे टोक पुढे-मागे हलवले आणि स्टिअरिंगच्या मानेजवळ ठेवलेल्या बोटाला टकटक जाणवली तर दोष बेअरिंगचा आहे. फोर्कच्या डस्ट सीलजवळ, म्हणजे धूळ अडवणाऱ्या रबरी कडीजवळ, जाणवली तर बुशचा, म्हणजे नळी ज्यांवर सरकते त्या कड्यांचा.

त्यानंतरचे खरे काम म्हणजे सॅग मोजणे. सॅग म्हणजे भाराखाली फोर्क आपल्या पूर्ण लांबीपासून किती बसतो ते माप. पुढचे चाक जमिनीपासून उचलून फोर्क पूर्ण लांब होऊ द्यावा आणि डस्ट सीलच्या वरच्या कडेपासून, नळ्या आवळून धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पपर्यंत उघड्या नळीची लांबी मोजावी. मग नेहमीचे हेल्मेट आणि जाकीट घालून स्वाराने गाडीवर बसावे, एका मदतनिसाने मागून गाडी सरळ धरावी आणि दुसऱ्याने मोजावे. येथे एकदाच मोजून थांबणे ही सार्वत्रिक चूक आहे. पुढचा भाग आधी खाली दाबून हळूहळू वर येऊ द्यावा आणि जिथे थांबेल तिथे मोजावे. मग तो वर उचलून हळूहळू खाली येऊ द्यावा आणि पुन्हा मोजावे. घर्षणामुळे ही दोन मापे कधीच सारखी येत नाहीत. त्यांची सरासरी पूर्ण लांबीतून वजा केली की खरी सॅग मिळते, आणि त्या दोन मापांमधला फरक आपल्या फोर्कमधले घर्षण दाखवतो.

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: पूर्ण लांबी १५२ मिमी, दाबून सोडल्यावर ९४, उचलून सोडल्यावर ११०. सरासरी १०२, म्हणून सॅग ५० मिमी, म्हणजे १२० मिमी चालीच्या जवळजवळ ४२ टक्के. रस्त्यावर चालवायच्या गाडीला साधारणपणे चालीच्या पाव ते एक तृतीयांश सॅग योग्य समजतात, म्हणजे येथे ३० ते ४० मिमी. मात्र मला चक्रावून टाकले ते दुसऱ्या आकड्याने: ९४ आणि ११० यांत १६ मिमीचा फरक. चांगल्या स्थितीतल्या फोर्कमध्ये हा फरक थोड्या मिलिमीटरांचा असतो. तो १० च्या पुढे गेला की आत काहीतरी घासते आहे असे खुशाल समजावे. मनगटापर्यंत येणारी थरथर त्या १६ मिमीत दडलेली होती. घर्षणाने धरून ठेवलेला फोर्क बारीक उंचवट्यावर हलतच नाही. उंचवट्याचा धक्का लोखंडाच्या दांड्याने पोहोचवावा तसा तो सरळ हँडलपर्यंत पोहोचवतो.

म्हणजे दुखणी दोन होती. स्प्रिंग कमी ताठर असल्याने फोर्क खाली बसत होता, आणि घर्षणामुळे तो बारीक धक्के गिळत नव्हता. दाट तेल या दोहोंपैकी कशावरही औषध नव्हते.

घर्षण कुठून आले

टेलिस्कोपिक फोर्कची कल्पना जुनी आहे. तेलाने डॅम्पिंग होणारा असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ या उत्पादनातल्या गाड्यांवर बसवला. तेव्हापासून आजपर्यंत तिची एक अट बदललेली नाही: दोन्ही पाय एकमेकांना समांतर हवेत. एक पाय दुसऱ्याकडे मिलिमीटरभर जरी ओढला गेला, तरी नळ्या सरळ सरकण्याऐवजी बुशच्या एका बाजूला टेकून घासत राहतात.

माझ्या गाडीच्या उजव्या पायाच्या तळाशी चाकाचा अ‍ॅक्सल आवळून धरणारा पिंच बोल्ट आहे. चाक काढण्याच्या तयारीत मी तो ढिला केला, तेव्हा उजवा पाय अ‍ॅक्सलवर ‘टक्’ असा आवाज करून बाहेरच्या बाजूला सरकला. अ‍ॅक्सलवर जुन्या जागेची चकचकीत खूण होती, आणि पायाची नवी कड तिच्यापासून जवळजवळ २ मिमी दूर होती. इतके दिवस तो पाय आत ओढलेल्या अवस्थेत आवळून ठेवलेला होता.

दुखणे वारंवार का उलटत होते, याचेही उत्तर तिथेच मिळाले. दर पंक्चरच्या वेळी, दर टायर बदलताना चाक निघते, आणि परत बसवणारा माणूस गाडी स्टँडवर असतानाच अ‍ॅक्सलचा नट आणि पिंच बोल्ट एका दमात आवळून टाकतो. पाय त्या क्षणी जिथे असेल तिथेच अडकतो. सील बदलून आणल्यावर पहिले काही दिवस नव्या तेलाचा आणि नव्या सीलवरच्या ग्रीसचा गुळगुळीतपणा जाणवतो, मग एका बाजूने घासणारे बुश आणि एका बाजूने दबलेला सील आपले काम सुरू करतात. सील पुन्हा गळू लागण्याचे कारणही तेच होते, आणि मी मात्र सीलच्या दर्जाला बोल लावत होतो.

योग्य क्रम असा आहे. चाक आणि अ‍ॅक्सल बसवून अ‍ॅक्सलचा नट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावा, पण पिंच बोल्ट ढिला ठेवावा. ब्रेकचा कॅलिपर बसवावा आणि लिव्हर पंप करून घट्ट करावा. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरावा आणि फोर्क सात-आठ वेळा जोरात दाबून सोडावा, म्हणजे मोकळा पाय अ‍ॅक्सलवर आपली समांतर जागा स्वतःच शोधतो. त्यानंतरच पिंच बोल्ट आवळावा. ज्या गाड्यांना पिंच बोल्ट नसतो, तिथे चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर आपापल्या जागी आणि योग्य बाजूला आहेत का, हे पाहावे. उलटसुलट बसलेला स्पेसर तोच घोटाळा करतो. मडगार्डचा लोखंडी पट्टा हाही एक लपलेला गुन्हेगार आहे. बोल्ट ढिले केल्यावर पट्ट्याची भोके पायावरच्या भोकांसमोर येत नसतील, तर तो पट्टा दोन्ही पाय एकमेकांकडे ओढतो आहे. कानशीने भोक थोडे लांबट करणे हा तिथला साधा उपाय आहे.

चाक काढलेलेच आहे, तर आणखी एक तपासणी करून घ्यावी. सपाट काचेचा एक तुकडा दोन्ही चकचकीत नळ्यांवर आडवा टेकवून त्याचे कोपरे दाबून पाहावेत. काच डुगडुगली तर नळ्या एका पातळीत नाहीत. गाडी कधी पडली असेल तर क्लॅम्प पिळवटलेले असतात, आणि बोल्ट ढिले करून, नळ्या समांतर करून पुन्हा आवळल्याने बऱ्याचदा ते सुधारते. एक नळी क्लॅम्पमध्ये फिरवल्यावर काचेची डुगडुग कमीजास्त होत असेल, तर ती नळी वाकलेली आहे. अशी नळी सरळ करण्यापेक्षा बदलणे मला शहाणपणाचे वाटते.

केवळ पाय मोकळा करून, नीट क्रमाने आवळल्यावर माझा १६ मिमीचा फरक ९ वर आला. तोवर तेलाचा एक थेंबही बदललेला नव्हता.

फोर्क उघडताना

गाडी इंजिनाखालून भक्कम आधार देऊन उभी करावी. पुढचे चाक नसलेली गाडी साइड स्टँडवर सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. नळी क्लॅम्पमधून काढण्यापूर्वीच, वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून नळीच्या तोंडावरची टोपी अर्धा फेरा सैल करावी, कारण नळी हातात आल्यावर ती टोपी फिरवणे फार त्रासाचे होते. तळाचा अ‍ॅलन बोल्टही स्प्रिंग आत दाबलेली असतानाच सैल करावा. स्प्रिंगच्या दाबाने डॅम्पर रॉड जागेवर धरला जातो, नाहीतर बोल्टबरोबर रॉडही आत गोल फिरत बसतो. टोपी पूर्ण काढताना तिच्यावर तळहाताचा जोर ठेवावा आणि चेहरा बाजूला ठेवावा, कारण खालून स्प्रिंग रेटत असते.

माझ्या उजव्या पायातून निघालेले तेल शाईत राख कालवावी तसे करडे होते, आणि उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी चमक दिसत होती. डाव्या पायातले तेल त्या मानाने नुसते मळलेले होते. बुश बाहेर काढल्यावर कारण समोर आले: त्याच्या आतल्या बाजूचा करडा टेफ्लॉनचा थर एका बाजूला शाबूत होता आणि नेमक्या विरुद्ध बाजूला पूर्ण जाऊन तांबूस धातू उघडा पडला होता. काही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक पृष्ठभागावर तांबे दिसू लागल्यास बुश बदलण्याचा नियम दिलेला असतो. माझ्या मते एकतर्फी झीज दिसली की प्रमाणाची वाट न पाहता बुश बदलावे, आणि झीज एकतर्फी का झाली याचा शोध घ्यावा.

सील बसवण्याआधी चकचकीत नळीवरून नखाची कड फिरवावी. गंजाचा खड्डा किंवा दगडाचा ओरखडा नखाला अडकत असेल, तर नवा सीलही लवकरच फाटणार. उंच आलेली कड अतिशय बारीक, १५०० ते २००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने तेल लावून उतरवावी. घासण्याची दिशा नळीभोवती ठेवावी, लांबीच्या दिशेने नव्हे, कारण उभ्या ओरखड्यांतून तेलाला बाहेर येण्याची वाट मिळते. सील सरकवताना नळीच्या धारदार तोंडावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी ताणून बसवावी आणि तिच्यावर तेल लावावे. ओठ न कापता सील खाली उतरतो. कोरडा सील नुसता ठोकून बसवला की पहिल्याच दिवशी त्याचा ओठ दुखावतो. दुसऱ्यांदा सील बदलून आणला होता तेव्हा त्याच्या पाठीवर हातोडीच्या टोकाच्या खुणा मला उघडल्यावर दिसल्या; त्या पाहून त्या कारागिराचा मला राग आला, पण पाय वाकडा आवळलेला असताना त्याचे उत्तम काम तरी किती टिकले असते, हा प्रश्नच आहे.

सील गळत असताना गाडी चालवणे टाळावे. तेल ओघळून ब्रेक डिस्कवर गेले तर ब्रेक पकडत नाही, आणि तेलाने भिजलेले ब्रेक पॅड पुसून वापरण्यापेक्षा बदलावेत. कधीकधी सीलच्या ओठाखाली नुसती मातीची कणी अडकलेली असते; डस्ट सील वर सरकवून फोटोच्या जुन्या फिल्मसारखी पातळ, गुळगुळीत पट्टी ओठाखालून फिरवली की गळणे थांबते. उघडण्याआधी हा प्रयोग करून पाहण्यात काहीच जात नाही.

स्प्रिंग आणि स्पेसर

नव्या बुशनंतर माझी दोन मापे १०० आणि १०५ आली. घर्षण ५ मिमीवर उतरले होते, सॅग मात्र अजून ४९.५ मिमी होती. आता प्रश्न उरला फक्त स्प्रिंगचा.

स्प्रिंगच्या वर लांब स्पेसर टाकून ती आधीच दाबून ठेवणे, म्हणजे प्रीलोड वाढवणे, हा स्वस्त आणि लोकप्रिय मार्ग आहे. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगची ताठरता प्रीलोडने वाढत नाही. गाडीचा पुढचा भाग फक्त वर उचलला जातो. स्प्रिंग पुरेशी आहे की नाही, हे ओळखण्यासाठी स्वाराशिवाय, गाडीच्या केवळ स्वतःच्या वजनाखालची सॅगही त्याच पद्धतीने मोजावी. माझी ती २० मिमी होती. मी १५ मिमी लांब स्पेसर घातल्यावर स्वारासह सॅग ३५ वर आली, म्हणजे आकडा देखणा झाला, पण स्वाराशिवायची सॅग ५ मिमीच उरली. खड्ड्यात चाक खाली उतरायला फोर्कजवळ जागाच राहिली नाही, आणि वेगरोधकावरून उतरताना फोर्क वरच्या टोकाला ठोकर खाऊ लागला. स्वारासह सॅग बरोबर आणि स्वाराशिवाय जवळजवळ शून्य, असे दिसले की स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तिला ओढूनताणून उभे केले आहे, असा अर्थ घ्यावा. याउलट स्वारासह बरोबर आणि स्वाराशिवाय फार जास्त असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा ताठर आहे.

शेवटी ०.५ ऐवजी ०.६ किलो प्रति मिमीच्या स्प्रिंग बसवल्या आणि स्पेसर नव्याने कापले. आता स्वारासह सॅग ३८ आणि स्वाराशिवाय १३ मिमी आहे. वरच्या हिशोबातला ६१ किलोंचा भार आता फोर्कला ५१ मिमी दाबतो, म्हणजे ३८ आणि ५१ मिळून ८९. ब्रेकच्या रेट्यासाठी आणि खड्ड्यासाठी ३१ मिमी चाल शिल्लक राहते, आणि त्या शेवटच्या टप्प्यात कोंडलेली हवाही मदतीला येते. स्पेसर जाड भिंतीच्या पीव्हीसी पाइपचा चालतो, पण त्याची दोन्ही टोके काटकोनात कापलेली हवीत आणि स्प्रिंग व स्पेसर यांच्यामध्ये वॉशर हवा, नाहीतर स्प्रिंगचे टोक पाइपात घुसते.

मूळ स्प्रिंगचे वेढे कापून ती ताठर करण्याची युक्तीही पुष्कळजण वापरतात. तत्त्व खरे आहे, कारण ताठरता काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. ४० पैकी ५ वेढे काढले तर ताठरता ४० ÷ ३५, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. कापलेले टोक मात्र सपाट राहत नाही आणि स्प्रिंग नळीला घासू लागते, म्हणजे मोठ्या कष्टाने घालवलेले घर्षण आपणच परत आणतो. शिवाय चाल तीच राहून वेढे कमी झाल्याने प्रत्येक वेढ्याला अधिक दबावे लागते आणि स्प्रिंग चालीच्या शेवटी पूर्ण मिटण्याचा धोका असतो. मला ही काटकसर पटत नाही.

तेल आणि वरची हवा

स्प्रिंग ठरल्यावर तेलाचा विचार करावा. डॅम्पर रॉडच्या फोर्कमध्ये तेलाचा दाटपणा मुख्यतः परतीचा वेग जुळवण्यासाठी वापरायचा असतो. पुढचा भाग दाबून एकदम सोडला की फोर्कने एका ओघात वर येऊन थांबावे. वर जाऊन पुन्हा खाली डोलला तर तेल पातळ आहे, आणि रेंगाळत वर आला तर दाट. ताठर स्प्रिंग फोर्कला अधिक जोराने वर ढकलते, म्हणून तिच्यासोबत थोडे दाट तेल लागू शकते. डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’ या शब्दांवर विसंबू नये. फोर्क तेलात हा आकडा सगळे उत्पादक एकाच मापाने देत नाहीत, आणि एकाचे १० डब्ल्यू दुसऱ्याच्या १५ डब्ल्यूच्या जवळ जाणारे असू शकते. तेलाच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक्समध्ये दिलेली श्यानता हाच तुलनेसाठी भरवशाचा आकडा आहे. मी शेवटी १० डब्ल्यू तेलावरच परत आलो.

तेल मोजपात्राने नुसते ओतून काम भागत नाही, कारण आधीचे थोडे तेल आत चिकटून राहिलेले असते. स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी वर-खाली पंप करून आतली हवा काढावी, बुडबुडे थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे पाय उभा ठेवावा, मग नळी पूर्ण खाली दाबून तिच्या वरच्या कडेपासून तेलाच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर दोन्ही पायांत सारखे हवे. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजला पातळ नळी जोडून, तिच्यावर हव्या त्या खोलीची खूण करून जास्तीचे तेल ओढून घेतले की पातळी बिनचूक येते.

वरची ही हवा स्वतःच एक स्प्रिंग आहे, आणि तिचा जोर चालीच्या शेवटी वाढतो. स्प्रिंगची जाडी आणि नळीच्या भिंती हिशोबाबाहेर ठेवल्या, तर १३० मिमी मोकळी जागा आणि १२० मिमी चाल असताना हवा २५० वरून १३० पर्यंत, म्हणजे १.९ पट आकुंचन पावते. मोकळी जागा ९० केली तर २१० वरून ९०, म्हणजे २.३ पट. चालीच्या पहिल्या अर्ध्या भागात हा फरक फारसा जाणवत नाही, तळाशी मात्र चांगलाच जाणवतो. म्हणून सॅग बरोबर असूनही फोर्क कधीतरी तळ गाठत असेल, तर तेलाची पातळी ५ ते १० मिमीने वाढवून पाहावी. मॅन्युअलच्या मापापासून फार दूर जाऊ नये. अति तेलाने दाब इतका वाढतो की सील बाहेर रेटला जातो.

एवढे करूनही तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यावर फोर्क आखडत असेल, तर कार्ट्रिज इम्युलेटर नावाची छोटी झडप स्प्रिंगखाली, डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसवता येते. वेगवान धक्क्याला ही झडप उघडून तेलाला वाट देते. तिच्यासाठी डॅम्पर रॉडची दाबाच्या बाजूची भोके ड्रिलने मोठी करावी लागतात, आणि एकदा मोठी केलेली भोके लहान होत नाहीत. घर्षण आणि स्प्रिंग ठीक होण्याआधी हा खर्च करू नये. मी अजून केलेला नाही, आणि सध्या करावासा वाटत नाही.

ताठर स्प्रिंगने गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि वळताना गाडी किंचित आळशी वाटते. नळ्या क्लॅम्पमधून ४-५ मिमी वर सरकवल्या की चपळपणा परत येतो. दोन्ही नळ्यांची वर आलेली उंची व्हर्नियरने मोजून सारखी ठेवावी, आणि पूर्ण दबलेल्या फोर्कमध्ये मडगार्ड किंवा टायर खालच्या क्लॅम्पला लागत नाही, याची आधी खात्री करावी.

पहिल्या फेरीवर निघण्यापूर्वी गाडी हलवायच्या आत ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत पंप करावा, कारण चाक काढताना पिस्टन मागे सरकलेले असतात. एका नळीवर डस्ट सीलला टेकवून प्लॅस्टिकची केबल टाय सैलसर बांधावी. फोर्क किती दबला याची नोंद ती जिथे थांबेल तिथे मिळते. जोरात ब्रेक लावून परत आल्यावर माझी टाय शेवटापासून साधारण १५ मिमी अलीकडे थांबते, आणि ती शेवटापर्यंत गेली असे आजवर दोनदाच घडले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि सॅगची दोन्ही मापे, तेलाची पातळी व तारीख वहीत लिहावी. माझ्या वहीत आता एक रकाना अधिक आहे: पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर दोन मापांमधला फरक. गेल्या वेळी तो ११ मिमी निघाला, पिंच बोल्ट ढिला करून फोर्क आठ वेळा दाबला, आणि तो पुन्हा ५ वर आला.